औषधाला साक्षीदार हवा

रोवणीचे दिवस आले की सानगडीच्या पंचक्रोशीत अतिसार आणि प्रवाहिकेचे रुग्ण वाढू लागतात. दिवसभर बांधीतल्या चिखलात उभे राहून केलेले काम, जागोजाग साचलेले पाणी, वर्षाऋतूत मंदावलेला अग्नी ही सारी कारणे ग्रंथात जशी सांगितली आहेत तशीच येथे डोळ्यांपुढे दिसतात. अशा रुग्णांत कुटजावर आमची मोठी भिस्त असते. काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात मात्र नेहमीच्याच मात्रेने दिलेल्या कुटजाच्या काढ्याने लागोपाठ काही रुग्णांना अपेक्षित उपशय मिळाला नाही. जलसंजीवनी चालू असूनही त्यांतील एका वृद्ध आजींची प्रकृती ढासळली आणि त्यांना साकोलीस रुग्णालयात हलवावे लागले. त्या सुखरूप घरी परतल्या. आमच्या मनाला लागलेली टोचणी मात्र गेली नाही.

चूक कोठे झाली? आम्ही निदान पुन्हा तपासले, मात्रा तपासली, काढा करण्याची रीत तपासली. उरले ते द्रव्य. साल एका घाऊक व्यापाऱ्याकडून आलेली होती. पुडक्यावर ‘कुटजत्वक्’ एवढेच लिहिलेले होते. ती कोणत्या जंगलातून आली, कोणी काढली, कोणत्या झाडाची होती, याचा काहीही मागमूस नव्हता. तोवर साल संपलीही होती. ती खरोखर कुटजाची होती की दुसऱ्याच झाडाची, हे आम्हांला तेव्हा सांगता आले नाही आणि आजही सांगता येत नाही. आपण रुग्णाच्या मुखात नेमके काय घातले हे वैद्यालाच सांगता येऊ नये, याहून मोठी नामुष्की ती कोणती? वनस्पतींचे दाबून, वाळवून जतन केलेले नमुने म्हणजे हर्बेरियम, आणि त्याच्याशी आपणा चिकित्सकांचा तुटलेला संबंध, या विषयाकडे आम्ही वळलो ते या अनुभवातून.

दोन कुडे

आमच्या संशयाला कारण होते. पूर्व विदर्भाच्या जंगलात कुडा या नावाने ओळखली जाणारी एकाहून अधिक झाडे आहेत. पांढरा कुडा, म्हणजे होलॅर्‍हिना प्यूबेसेन्स, हा आपला शास्त्रोक्त कुटज. काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, हे वेगळे झाड. दोन्ही एकाच कुळातली. दोहोंना चीक येतो, दोहोंची पाने समोरासमोर असतात, दोहोंना पांढरी फुले आणि लांब जोडशेंगा येतात. साल वाळून तिचे तुकडे झाले, की सराव नसलेल्या डोळ्याला भेद कळत नाही. आणि पूड झाल्यावर तर सराव असलेल्यालाही तो सहजी कळत नाही.

हा प्रश्न आम्ही जंगलात हयात घालवलेल्या एका गोंड वृद्धापुढे ठेवला. सालीवरून आपण काहीच सांगणार नाही, झाडापाशी चला, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आम्ही त्यांच्यासोबत एकदा फुलांच्या दिवसांत गेलो आणि पुन्हा शेंगा धरल्यावर गेलो. काळ्या कुड्याच्या फुलाच्या मध्यभागी बारीक झालर असते आणि परागकोश बाहेर डोकावतात. पांढऱ्या कुड्याच्या फुलात ही झालर नसते आणि परागकोश नळीच्या आतच दडलेले असतात. काळ्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटून असतात. पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. पांढऱ्याचे बी, म्हणजे इंद्रजव, जिभेला कडूजहर लागते. काळ्याचे तितके कडू नसते, म्हणून त्याला गोडा इंद्रजव म्हणतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात शेळ्या-मेंढ्या व गुरे राखणाऱ्यांना आणि वनवासी जनांना औषधींची नावे व रूपे ठाऊक असतात असे म्हटले आहे आणि केवळ नामरूप जाणणे म्हणजे औषधीचे पूर्ण ज्ञान नव्हे, असेही लगेच बजावले आहे. आज स्थिती अशी की, योग आणि प्रयोग आपणांस ठाऊक आहेत. पण नामरूपाचा जो पहिला पाया, तोच आपल्या पायाखालून सरकला आहे.

कुटजाचे दोन भेद आपल्या आचार्यांनाही ठाऊक होते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वत्सकाचे पुरुष व स्त्री असे दोन प्रकार फूल, फळ आणि पानांच्या लक्षणांसह सांगितले आहेत. त्यातला स्त्रीकुटज म्हणजे नेमके आजचे कोणते झाड, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. लक्षणे शब्दांत उरली, पण ज्या झाडाकडे पाहून ती लिहिली गेली ते झाड आज आपणांस दाखवता येत नाही. शब्द कितीही नेमका असला, तरी त्याच्यासोबत वस्तू नसेल तर वाद उरतोच.

हा दोष केवळ आपल्याच परंपरेचा आहे असे मात्र नव्हे. सतराव्या शतकात मलबारच्या डच अमलातील अधिकारी व्हान र्‍हीड याने तेथील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध करवला. त्याचे बारा खंड अॅम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात निघाले. इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्यांचे ज्ञान हा त्या ग्रंथाचा मोठा आधार होता. त्यात कुडा ‘कोडगपाला’ या नावाने आला आहे. पुढे १७५३ साली लिनीयसने श्रीलंकेतील एक वनस्पती आणि मलबारचा हा कोडगपाला यांची एकच गणना करून अतिसारनाशक अशा अर्थाचे नाव दिले. दोन्ही झाडे मुळात वेगळी होती. श्रीलंकेतील वनस्पती राइटिया प्रजातीतली निघाली आणि लिनीयसचे ते अतिसारनाशक विशेषण आज तिलाच चिकटून आहे. आपला कुटज कित्येक वर्षे होलॅर्‍हिना अँटिडिसेंटेरिका म्हणून छापला गेला, आयुर्वेदीय फार्माकोपियातही तेच नाव आहे. वनस्पतिशास्त्रात मात्र आता होलॅर्‍हिना प्यूबेसेन्स हे नाव ग्राह्य मानतात. जगातला सर्वात मोठा नामकर्ता ज्या जोडीत फसला, त्याच जोडीत आमच्यासारखा खेड्यातला वैद्य फसावा यात नवल नाही. हा गुंता पुढे उलगडू शकला, कारण अभ्यासकांना शब्दांपलीकडे जाऊन जतन केलेल्या नमुन्यांकडे बोट दाखवता आले. उलट ‘हॉर्टस मलबारिकस’चे मूळ नमुने उपलब्ध नाहीत, आहेत ती चित्रे. म्हणूनच केरळातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. के. एस. मणिलाल यांना त्या वनस्पती पुन्हा शोधून गोळा करण्यात आपल्या आयुष्याची अनेक वर्षे वेचावी लागली.

कागदावरचे झाड

हर्बेरियमची कल्पना मुळात एका वैद्याचीच. सोळाव्या शतकात इटलीतील पिसा येथे लुका गिनी हे वैद्य विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती शिकवीत. हिवाळ्यात झाडे पाहावयास मिळत नाहीत म्हणून वनस्पती दाबून, वाळवून कागदावर डकवण्याची रीत त्यांनी रूढ केली असे मानतात. साधारण बेचाळीस सेंटिमीटर लांब व एकोणतीस सेंटिमीटर रुंद अशा जाड कागदावर पान, फूल, फळ असलेली फांदी बसवायची आणि खालच्या कोपऱ्यात स्थळ, दिनांक, संग्राहक व इतर टिपणे असलेली चिठ्ठी लावायची, ही पद्धत आजही जगभर चालते. नवी जाती प्रसिद्ध करताना ज्या नमुन्याशी तिचे नाव बांधले जाते, त्यास प्रारूप नमुना म्हणतात. आपण नित्य वापरतो त्या सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. मुंबईलगतच्या बोरिवलीचे नाव त्या मुसळीला १९५० च्या दशकात सांतापाव व फर्नांडिस यांनी दिले. आपल्या औषधाच्या नावात आपल्याच राज्यातले गाव दडलेले असते, आणि आपणांस त्याचा पत्ता नसतो!

या बाबतीत महाराष्ट्र दरिद्री नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९०६ साली सुरू झालेल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये सुमारे दोन लाख नमुने आहेत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. त्याच्या संग्रहात दीड लाखांहून अधिक नमुने आहेत. आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह पुण्यातच आहे. कोथरूडला जवाहरलाल नेहरू आयुर्वेदिक वनौषधी उद्यान व हर्बेरियम या नावाने दीर्घकाळ ओळखली गेलेली संस्था तर आपल्या केंद्रीय आयुर्वेदीय परिषदेचीच. २०२२ साली वनस्पती सर्वेक्षणाने आभासी हर्बेरियम खुले केल्यापासून अनेक नमुन्यांची छायाचित्रे आम्हांला सानगडीत बसूनही पाहता येतात.

मात्र आपल्या भागाचे जुने नमुने शोधणाऱ्याने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. चिठ्ठीवरचे ठिकाण त्या काळच्या राज्यव्यवस्थेप्रमाणे लिहिलेले असते. १९५६ पूर्वीच्या चिठ्ठीवर भंडारा मध्य प्रांतात किंवा मध्य प्रदेशात सापडेल. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्यापूर्वी नवेगाव परिसरातून घेतलेला नमुना भंडारा जिल्ह्याच्याच नावे असणार. जो केवळ आजच्या नकाशावरून शोधील, त्याला आपल्याच शेजारचे झाड सापडणार नाही.

हा प्रश्न आपला का?

हे काम वनस्पतिशास्त्रज्ञांचे, आपण चिकित्सा करावी, असे काही वैद्यबंधू म्हणतील. त्यांना दोन उदाहरणे सांगावीशी वाटतात.

पहिले बेल्जियमचे. ब्रुसेल्समधील एका चिकित्सालयात वजन घटवण्यासाठी दिलेल्या औषधात १९९० च्या सुमारास चिनी वनौषधी मिसळण्यात आल्या. स्टेफानिया टेट्रान्ड्रा या वनस्पतीच्या जागी अॅरिस्टोलोकिया फांगची आली. दोहोंच्या चिनी नावांत साम्य, म्हणून ही अदलाबदल झाली. शंभराहून अधिक रुग्णांची, त्यांतही प्रामुख्याने स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी होत गेली आणि पुढे अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. १९९३ साली हे प्रकरण वैद्यकीय जगापुढे आले. आपल्या शेताच्या बांधावर उगवणारी किडामार आणि निघंटूंतली ईश्वरी या दोन्ही त्याच अॅरिस्टोलोकिया प्रजातीतल्या आहेत, हे आपण विसरू नये.

दुसरे उदाहरण घरचे. करोनाच्या साथीत गुळवेलीचा वापर घरोघरी वाढला. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेताना, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांच्यात गल्लत होऊ शकते, हा मुद्दा मांडला. तज्ज्ञांनी आपला निष्कर्ष सोडला नाही. या वादात आमचा सहकाऱ्यांना एकच प्रश्न आहे : त्या दोन वर्षांत आपण आपल्या रुग्णांना दिलेल्या गुळवेलीचा नमुना आपल्यापैकी कितीजणांच्या कपाटात होता? आमच्याकडे नव्हता. वेल चुकीची होती असे म्हणण्याचा अधिकार, योग्य वेल दाखवता येईल त्यालाच आहे. आणि वेल योग्य असूनही काहींना अपाय झाला असेल, तर तेही आपणांस कळलेच पाहिजे. नमुना आपल्या बाजूने साक्ष देईलच असे नाही, पण तो खरी साक्ष देईल.

कायद्याकडूनही एक जोखीम आपल्याकडे आलेली आहे. २००० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी ‘शेड्यूल टी’ आले. त्यातून, स्वतः औषधे करून केवळ आपल्याच रुग्णांना देणाऱ्या आणि बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना वगळले आहे. ही सवलत योग्यच आहे, नाहीतर खेड्यातल्या वैद्याला खलबत्ताही बंद करावा लागला असता. परंतु या सवलतीचा अर्थ असा की, आपल्या औषधाची परीक्षा करणारा आपल्याखेरीज दुसरा कोणी नाही. विश्वासाने दिलेली ही मोकळीक आपण निष्काळजीपणाने वापरली, तर ती काढून घेणाऱ्याला दोष देता येणार नाही.

आक्षेप आणि मर्यादा

डोळ्यांनी ओळखता येते, मग कागद कशाला, असे कोणी विचारील. आपल्या डोळ्यांवर आपला विश्वास असेल. पण आपल्यानंतर औषध देणाऱ्याला आपले डोळे मिळत नाहीत. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले तर पुरे नाही का? छायाचित्र अवश्य काढावे, विशेषतः फुलाच्या रंगासाठी, कारण वाळल्यावर रंग उडतो. पण छायाचित्रातले फूल भिंगाखाली उलगडता येत नाही, त्याच्या पानाची लव चाचपता येत नाही आणि त्यातून गुणसूत्रद्रव्यही काढता येत नाही. जुन्या शीटवरच्या पानाच्या तुकड्यातून आज जनुकीय परीक्षणदेखील होऊ शकते.

हर्बेरियमच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फुलाफांदीची शीट थेट बाजारातल्या वाळक्या मुळाशी ताडून पाहता येत नाही. म्हणून ज्या झाडाची शीट केली त्याच झाडाची साल, मूळ किंवा बी बाटलीत घालून तिच्यावर शीटचाच क्रमांक टाकणे आवश्यक ठरते. तसेच, औषधी योग्य भूमीत वाढली काय, योग्य ऋतूत काढली काय, तिचे रस-वीर्य शाबूत आहे काय, हे कागद सांगणार नाही. ते पारखणे वैद्याचेच काम राहील. कागद एवढेच सांगतो की, ही वनस्पती ती आहे.

आणि एक कबुलीही दिली पाहिजे. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात द्रव्यगुणासाठी हर्बेरियमची फाइल आपण साऱ्यांनीच केली. आमची फाइल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुरी झाली. तिच्यातली निम्मी पाने महाविद्यालयाच्या आवारातली आणि उरलेली मित्रांकडची. स्थळ, दिनांक, संग्राहक हे रकाने आम्ही अंदाजाने भरले. परीक्षा झाली आणि फाइल रद्दीत गेली. ज्या साधनाने पुढे आमची लाज राखली असती, त्याला आम्ही गुणांपुरते वापरले. हा दोष कोणा शिक्षकाचा नव्हे, आमचा आहे.

काय करता येईल?

खर्चाचे म्हणावे तर काम अगदी साधे आहे. वर्तमानपत्रांचा गठ्ठा, दोन फळ्या, दोरी आणि वर ठेवायला दगड एवढ्यावर दाबयंत्र होते. फूल वा फळ असलेली फांदी घ्यावी. लहान वनस्पती मुळासकट घ्यावी. पहिले काही दिवस कागद रोज बदलावेत. पावसाळ्यात दिवसातून दोनदा बदलले नाहीत, तर आमच्याकडच्या दमट हवेत बुरशी धरलीच म्हणून समजावे. कीड लागू नये म्हणून पूर्वी संग्रहालयांतून पारदाचे मर्क्युरिक क्लोराइड हे विषारी लवण वापरीत. जुन्या शीट हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज राहू नये. आज संग्रहालये नमुने काही दिवस अतिशीत तापमानात ठेवून कीड मारतात. घरगुती संग्रहाला कोरडे, बंद कपाट आणि वरचेवर तपासणी एवढे तरी हवेच.

चिठ्ठीवर दिनांक, गाव, अधिवास, झाडाची उंची, फुलाचा रंग, वास आणि स्थानिक नाव लिहावे. ज्याने झाड दाखवले त्याची अनुमती घेऊन त्याचेही नाव लिहावे. आपल्या ग्रंथांत गोपाळांचा आणि वनवासींचा उल्लेख समूहाने आला. आता त्यांचे ऋण नावानिशी मान्य करण्यास हरकत नसावी. नवेगाव-नागझिऱ्यासारख्या संरक्षित वनातून मात्र वनखात्याच्या परवानगीवाचून पानही घेऊ नये, आणि विरळ झालेली वनस्पती नमुन्यासाठीसुद्धा उपटू नये.

आपल्या संघटनेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. स्वतः औषधे तयार करणाऱ्या प्रत्येक सभासदाने आपल्या नित्य वापरातील निदान दहा वनस्पतींच्या शीट कराव्यात आणि प्रत्येकीच्या दोन-तीन प्रती ठेवाव्यात. प्रत्येक जिल्हा शाखेने एक कपाट राखावे. तेथील एक प्रत वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांकडून तपासून घ्यावी आणि एक पुण्याच्या केंद्राकडे अथवा विद्यापीठाच्या संग्रहाकडे देण्याचा प्रयत्न करावा. तिसरे, २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या आहेत. त्यांतील औषधी वनस्पतीच्या नोंदीपुढे नमुन्याचा क्रमांक यावा, यासाठी त्या त्या गावच्या वैद्याने समितीला साहाय्य करावे. ब्राह्मी म्हणून कोठे जलब्राह्मी लिहिली जाते तर कोठे कारिवणा. शंखपुष्पीच्या नावाखाली देशात चार निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. नुसत्या नावांची वही पुढच्या पिढीला नवा वाद देऊन जाईल.

आमच्या चिकित्सालयाच्या कपाटात आता दोन्ही कुड्यांच्या शीट आहेत आणि त्यांच्याशेजारी त्याच झाडांच्या साली व बिया बाटल्यांत आहेत. नागपूरच्या एका महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्या तपासून दिल्या. नवी साल आली की ती आम्ही आधी या बाटल्यांतील सालीशी ताडतो, चाखतो आणि शंका आली तर परत पाठवतो. प्रत्येक खेपेतील मूठभर साल खेपेचा दिनांक घालून बाजूला ठेवतो. यामुळे आमच्याकडे रोगी हमखास बरे होतात असा दावा आम्ही करणार नाही. पण उद्या एखाद्या रुग्णाच्या मुलाने येऊन, आमच्या आईला तुम्ही काय दिले होते, असे विचारले, तर आम्हांला कपाट उघडून ते दाखवता येईल. त्या पावसाळ्यात आजींच्या मुलाने हा प्रश्न विचारला नाही, हा त्याचा चांगुलपणा. वैद्यबंधूंनी येत्या रोवणीपूर्वी आपल्या हाताने निदान एक शीट करावी, एवढी आमची विनंती आहे.